राज्यशास्त्रात राजकारण कशाला हवंय?

राज्यशास्त्रात पीएचडीला लागलाय ना? अभिनंदन! आता पहिलं काम म्हणजे डोक्यातला तो प्रश्न काढून टाका. हुकूमशहा इतकी वर्षं टिकतात कसे, लोक स्वतःच्याच तोट्याचं मत का देतात, चांगली चाललेली सरकारं अचानक का पडतात, हे सगळं गप्पा मारायला ठीक आहे हो, पण पेपर तपासणारा रिव्ह्यूअर पहिल्याच ओळीत विचारणार की तुमची आयडेंटिफिकेशन स्ट्रॅटेजी काय, म्हणजे अमक्यामुळेच तमकं झालं हे सिद्ध कसं करणार, आणि तुम्ही आपले क्रांतीबद्दल बोलत बसणार. आता उलटं चालतं. आधी मेथड ठरवायची, मग तिच्यात मावेल एवढा प्रश्न शोधायचा, नाहीच मावला तर प्रश्नाला कात्री लावायची, मेथडला हात लावायचा नाही.

प्रश्न सापडत नसेल तर शार्क आठवा. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात चार माणसं गेली, आणि त्याच वर्षी त्या किनारपट्टीवर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनची मतं घटली असं दोन नामवंत प्राध्यापकांनी दाखवलं, म्हणजे मतदार माशाचा रागही राष्ट्राध्यक्षावर काढतो. मग २०१८ मध्ये दुसऱ्या दोघांनी इतर ठिकाणचे, इतर वर्षांचे शार्क हल्ले तपासले आणि असं काही फारसं दिसत नाही म्हणून सांगितलं. विषय तोच, पेपर दोन्ही पार्ट्यांचे. प्रश्न असा पाहिजे.

बाकी सध्या चलती आहे फील्ड एक्सपेरिमेंटची, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर खऱ्या लोकांवर करायच्या प्रयोगाची. ही पद्धत एकदम नवीन आहे असंच सगळीकडे सांगायचं. १९२४ साली शिकागोत हॅरॉल्ड गॉस्नेल या राज्यशास्त्रज्ञाने मतदारांना आठवणीची पत्रं पाठवून त्याने मतदान वाढतं का ते तपासलं होतं, पण शंभर वर्षांपूर्वीचं कोण बघतंय. आणि करायचा तर प्रयोग भव्य करा. अमेरिकेत मोंटाना राज्यात सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांची निवडणूक होते ती पक्षाशिवाय, मुद्दामच पक्षांना बाहेर ठेवलंय. तर २०१४ मध्ये स्टॅनफर्ड आणि डार्टमथच्या संशोधकांनी तिथल्या सुमारे एक लाख मतदारांना पत्रकं पाठवली, कुठला उमेदवार डेमोक्रॅट ओबामाच्या जवळचा आणि कुठला रिपब्लिकन रॉम्नीच्या जवळचा ते पट्टीवर आखून दाखवलं, आणि वर चक्क राज्याची अधिकृत मुद्रा छापली. लोकांना वाटलं सरकारनेच पाठवलंय! बोंबाबोंब झाली, दोन्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांना मतदारांची जाहीर माफी मागावी लागली. आता काही भाबडे लोक म्हणतात की चालू निवडणुकीत हात घालण्याआधी चारदा विचार करावा. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. एवढ्याशा वस्तीच्या राज्यात एक लाख, सॅम्पल साइझ बघा की! आणि निवडणूक त्यांची असली तरी कोइफिशंट, म्हणजे निघालेला परिणामाचा आकडा, तुमचा आहे.

एवढी पत्रकं छापायचं बजेट नसेल तर त्याहून स्वस्त रस्ता आहे, डेटा गोळाच करू नका. २०१४ च्याच डिसेंबरात 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात एक पेपर आला, की समलिंगी विवाहाबद्दल दारात उभं राहून वीसेक मिनिटं बोललं की माणसाचं मत बदलतं आणि बदललेलं टिकतं. जगभर कौतुक झालं. मे २०१५ मध्ये तीन तरुण संशोधक तोच प्रयोग पुढे न्यायला बसले तर त्यांना आकडे जरा जास्तच गुळगुळीत दिसले, सर्व्हे ज्या कंपनीने केला म्हणत होते तिला विचारलं तर तिला त्या सर्व्हेचा पत्ताच नाही. मग सहलेखक प्राध्यापकांनीच पेपर मागे घ्यायला सांगितलं आणि तो मागे गेला. इथपर्यंत ठीक आहे, पण त्या तिघांतल्या दोघांनी नंतर मायामीत खरोखर माणसं पाठवून साधारण तसाच प्रयोग केला, आणि दहाएक मिनिटांच्या बोलण्याने ट्रान्सजेंडर लोकांबद्दलची अढी कमी होते, आणि निदान तीन महिने तरी कमीच राहते, असं २०१६ मध्ये छापून आणलं. म्हणजे कष्ट करूनही उत्तर मिळतं. ही माहिती विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ देऊ नका, नसती सवय लागेल.

आता तर दार ठोठावायलाही नको. जीपीटी-३ या एआय मॉडेलला अमेरिकन मतदारांचं वय, वंश, पक्ष वगैरे सांगून त्यांच्या वतीने उत्तरं घेतली तर ती खऱ्या सर्व्हेशी बऱ्यापैकी जुळतात असा पेपर २०२३ मध्ये आलाय. यंत्र दार आपटत नाही, उलट प्रश्न विचारत नाही, "तुम्ही कुठल्या पार्टीचे?" असं तर मुळीच विचारत नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तरी आधी शेळ्या लागायच्या, आता त्याही लागत नाहीत.

आणि निकालाचं टेन्शन घेऊ नका. एकदा ७३ टीमना एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला होता, की स्थलांतर वाढलं तर सामाजिक कल्याणाच्या धोरणांना लोकांचा पाठिंबा कमी होतो का. सगळ्यांनी मिळून हजाराच्या वर मॉडेलं चालवली. कुठे पाठिंबा घटला, कुठे वाढला, निम्म्याहून जास्त ठिकाणी काहीच हललं नाही. ते वाचून लोकांना घाम फुटला, मला तर हायसं वाटलं. तुम्हाला हवं ते उत्तर त्यात कुठेतरी आहेच, फक्त ते सापडेपर्यंत कंट्रोल व्हेरिएबल, म्हणजे हिशेबात स्थिर धरायचे बाकीचे घटक, बदलत राहायचं आणि जिथे सापडलं तिथे गृहीतक पहिल्यापासून हेच होतं म्हणून लिहायचं. प्री-रजिस्ट्रेशन, म्हणजे डेटा बघण्याआधीच गृहीतकं नोंदवून ठेवणं, मागतात ना? मग चौदा गृहीतकं टाकून ठेवा, एखादं तरी लागेल.

शिकवण्याचं त्यामानाने सोपं आहे. लेक्चर देऊ नका, ते जुनं झालं. सिम्युलेशन घ्या. (तेही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे, पण म्हणायचं नवीनच.) वर्गाची सुरक्षा परिषद करा, पंधरा जणांना पंधरा देश द्या, पाच जणांना व्हेटो द्या आणि सहकार्याला दहा मार्क ठेवा. मग बघा, रशिया आणि अमेरिका पन्नास मिनिटांत हातात हात घालून ठराव पास करतात, व्हेटो कोणी वापरतच नाही कारण मार्क जातात. एखादी मुलगी खरंच व्हेटो टाकून गप्प बसली तर तिला टीमवर्कमध्ये कमी मार्क द्या, सगळ्या वर्गात परिषद कशी चालते ते तिलाच कळलं असलं तरी. शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घ्या, मजा आली का, एक ते पाच. सरासरी चारच्या वर गेली की शिकवण्याच्या नव्या पद्धतीवर तुमचा पेपर तयार. कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी जुन्याच पद्धतीने शिकवलेला गट, नव्हता असं कोणी म्हणालं तर म्हणावं, त्यांना लेक्चर दिलं असतं तर ते फॉर्म भरायला थांबलेच नसते.