‘एक व्हिडिओ व्हायरल करा, जाहिरात बंद करा’ : या सल्ल्याचा प्रतिवाद

छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश सारखा फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘जाहिरातीवर पैसे घालवू नका. एक व्हिडिओ व्हायरल झाला की लाखो लोकांपर्यंत फुकट पोचता येतं. व्हिडिओ चांगला असेल तर लोकच पुढे पाठवतात. जितके व्ह्यूज तितकी विक्री. रोज काहीतरी टाका, एखादा चालतोच. वेबसाइट, ईमेल विसरा, फॉलोअर्स हीच खरी मालमत्ता. डॉलर शेव्ह क्लब बघा!’

असा सल्ला पुढे पाठवणाऱ्याचं काही जात नाही. तो मनावर घेणाऱ्याकडे मात्र भांडवल थोडं असतं आणि वेळ त्याहून थोडा. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘व्हायरल व्हिडिओ फुकटात होतो’

डॉलर शेव्ह क्लबची गोष्ट खरी आहे. दाढीची पाती घरपोच पाठवणाऱ्या या कंपनीने मार्च 2012 मध्ये दीड मिनिटाचा एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. खर्च साधारण साडेचार हजार डॉलर. पहिल्या दोन दिवसांत सुमारे 12,000 ऑर्डर आल्या. 2016 मध्ये युनिलिव्हरने कंपनी विकत घेतली, तेव्हा बातम्यांमध्ये एक अब्ज डॉलरचा आकडा होता.

संदेशातली गोष्ट इथे संपते. व्हिडिओत बोलणारे संस्थापक मायकल डुबिन यांनी उत्स्फूर्त विनोदी अभिनयाचे धडे कित्येक वर्षं गिरवले होते, हे त्यात नसतं. व्हिडिओ आला त्याच सुमारास कंपनीने गुंतवणूकदारांकडून दहा लाख डॉलरच्या आसपास भांडवल उभं केल्याचं जाहीर झालं होतं, हेही नसतं. विक्री मासिक वर्गणीवर चालायची, त्यामुळे एकदा आलेलं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यातही पैसे देत होतं. आणि पुढे याच कंपनीने टीव्हीवर पैसे मोजून जाहिराती केल्या. व्हिडिओ स्वस्तात झाला, पण त्याच्या मागेपुढे जे उभं होतं ते स्वस्त नव्हतं.

पुरुषांच्या प्रसाधनांचा ब्रँड ओल्ड स्पाइसचंही तेच. जुलै 2010 मध्ये त्यांच्या जाहिरातीतल्या नटाने प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे 180 हून जास्त छोटे व्हिडिओ काही दिवसांत टाकले आणि इंटरनेटवर एकच धमाल उडाली. पण तो चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला होता, कारण फेब्रुवारीपासून या ब्रँडच्या मालक कंपनीने, प्रॉक्टर अँड गॅम्बलने, ती जाहिरात टीव्हीवर दाखवली होती. उत्तरं लिहायला, चित्रित करायला जाहिरात संस्थेची अख्खी तुकडी बसली होती.

‘चांगला असेल तर लोकच पुढे पाठवतात’

सगळ्यात जास्त दिशाभूल या वाक्याने होते, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी साधं गणित करू. समजा, तुमचा व्हिडिओ पाहणाऱ्या दर 100 जणांमुळे आणखी 50 जण तो पाहतात. दर दोघांमागे एक नवा प्रेक्षक, म्हणजे हे प्रमाण उत्तमच म्हणायचं. तरी साखळी 100, 50, 25 अशी उतरत जाते आणि एकूण प्रेक्षक 200 च्या आसपास थांबतात. आपोआप वाढत राहण्यासाठी प्रत्येक प्रेक्षकाने सरासरी एकाहून जास्त नवा प्रेक्षक आणावा लागतो, आणि ते फार क्वचित घडतं.

समाजशास्त्रज्ञ डंकन वॉट्स आणि पुढे बझफीड या वेबसाइटमुळे प्रसिद्ध झालेले जोना पेरेटी यांनी 2007 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त नेमकं हेच मांडलं. साखळी विझणार हे धरून चला, सुरुवातीचा प्रेक्षकवर्गच मोठा घ्या आणि लोकांनी पुढे पाठवल्याने मिळेल ती भर समजा, असं त्यांचं म्हणणं. वरच्या उदाहरणात जाहिरातीतून 10,000 जण आणले, तर हाती 20,000 लागतात. म्हणजे शेअरिंगमुळे जाहिरातीचा पैसा दुप्पट कामाला येतो. जाहिरातच काढून टाकली तर दुप्पट व्हायला काही उरतच नाही.

वॉट्स यांच्याच सहभागाने झालेल्या आणि 2016 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ट्विटरवरच्या सुमारे एक अब्ज प्रसारघटना, म्हणजे एखादी गोष्ट टाकली गेली आणि पुढे कितपत पसरली याची उदाहरणं, तपासल्या गेल्या: बातम्या, व्हिडिओ, चित्रं, याचिका. मोठा प्रसार अत्यंत दुर्मीळ निघाला. जो झाला, त्यातही मुख्य वाटा बहुधा एकाच मोठ्या प्रक्षेपणाचा होता, म्हणजे प्रचंड अनुयायी असलेल्या कुणीतरी ती गोष्ट एकदम हजारोंसमोर ठेवली होती. मित्राकडून मित्राकडे असा दूरवर झालेला प्रवास त्यामानाने कमी.

राहिला ‘चांगला’ हा भाग. 2006 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात संगीताच्या बाजाराचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी काय डाउनलोड केलंय ते दिसत नव्हतं. बाकीचे आठ वेगवेगळ्या गटांत विभागलेले होते आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटाची पसंती दिसत होती. गाणी तीच, तरी आठही गटांतले विजेते सारखे निघाले नाहीत. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर चढली नाहीत, पण मधल्या बहुतेकांचं काहीही होऊ शकत होतं. तुमचा व्हिडिओ बहुधा याच मधल्या गर्दीत असतो. तो चालला नाही म्हणून माल वाईट किंवा तुम्ही नालायक, असं मुळीच नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पाच-सहा व्हिडिओ पडल्यावर माणसं स्वतःवरच शंका घ्यायला लागतात.

आपोआप पसरल्याचं अस्सल उदाहरण हवं असेल तर हॉटमेल पाहा. 1996 मध्ये सुरू झालेल्या या सेवेतून गेलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत ईमेल घेण्याचं आमंत्रण असायचं. दीड वर्षात एक कोटीहून जास्त वापरकर्ते झाले. तिथे वापरणं हेच पसरवणं होतं. तुमचा माल तसा असेल तर जरूर फायदा घ्या, बहुतेक माल तसा नसतो.

‘जितके व्ह्यूज तितकी विक्री’

व्ह्यू म्हणजे काय, हे प्लॅटफॉर्म ठरवतो. फेसबुकने अनेक वर्षं तीन सेकंद पाहिलं की एक व्ह्यू धरला. यूट्यूब शॉर्ट्सवर मार्च 2025 अखेरपासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो. 2016 मध्ये फेसबुकने स्वतःच मान्य केलं की जाहिरातदारांना दाखवला जाणारा सरासरी पाहण्याचा वेळ सुमारे दोन वर्षं फुगलेला होता. लाइक आणि फॉलोअर्स विकत मिळतात ते वेगळंच. हे आकडे पाहून दुसऱ्या दुकानदाराशी स्वतःची तुलना करू नका.

आणि खरे व्ह्यूज तरी काय करतात? युगांडातला बंडखोर नेता जोसेफ कोनी याला पकडावं, यासाठी केलेला ‘कोनी 2012’ हा अर्ध्या तासाचा प्रचारपट मार्च 2012 मध्ये सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिला गेला. 20 एप्रिलच्या रात्री लोकांनी रस्त्यावर उतरून शहरं पोस्टरांनी भरून टाकावीत, असं त्यात आवाहन होतं. ठिकठिकाणी अगदी मोजकी माणसं आली. उलट 2014 च्या आइस बकेट चॅलेंजमधून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला (एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणारी संस्था) 11.5 कोटी डॉलर मिळाले. तिथे काय करायचं ते स्पष्ट होतं आणि ते लगेच करण्यासारखं होतं: डोक्यावर पाणी ओता, देणगी द्या, आणखी काही जणांना आव्हान द्या. तुमचा व्हिडिओ पाहून माणसाने नेमकं काय करायचं, हे पहिल्या झटक्यात कळत नसेल, तर व्ह्यूज वाढून उपयोग नाही. मोजायचंच असेल तर किती जणांनी चौकशी केली, किती जणांनी घेतलं आणि एका ऑर्डरमागे किती खर्च पडला, हे मोजा. वेगवेगळ्या व्हिडिओंना वेगळे सवलतीचे कोड दिले तरी पुष्कळ कळतं.

‘रोज टाका, एखादा चालतोच’

नियमितपणा चांगला, पण या सल्ल्यात रोजच्या ट्रेंडमागे पळणं अपेक्षित असतं. मिक्सर बनवणाऱ्या ब्लेंडटेक कंपनीची ‘विल इट ब्लेंड?’ (‘हे वाटलं जाईल का?’) ही व्हिडिओ मालिका 2006 पासून चालली. त्यांनी मिक्सरमध्ये गोल्फचे चेंडू घातले, आयफोन घातला, नाना वस्तू घातल्या. खर्च किरकोळ. प्रत्येक भागात एकच गोष्ट दिसत राहिली: हे यंत्र दणकट आहे. लोक हसले तेही मालाकडे बघून. ट्रेंडवरच्या नाचातून तुमच्या मालाबद्दल काय कळतं, हा प्रश्न प्रत्येक रीलआधी विचारावा.

धोकाही आहे. गाजणारं गाणं धंद्याच्या व्हिडिओला लावायला परवाना लागतो. बँग एनर्जी या पेयकंपनीवर सोनी आणि युनिव्हर्सल म्युझिकने टिकटॉक व्हिडिओंतल्या गाण्यांवरून 2021 मध्ये दावे लावले, आणि 2022 मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं. अ‍ॅपमध्ये गाणं दिसतं म्हणजे ते धंद्यासाठी खुलं आहे, असं समजू नका.

‘फॉलोअर्स हीच मालमत्ता’

फॉलोअर्सची यादी तुमच्या हातात नसते. 2012 मध्ये फेसबुकनेच सांगितलं होतं की पानावरची पोस्ट सरासरी 16 टक्के चाहत्यांपर्यंत पोचते. म्हणजे ऐन भरातही सहातल्या पाच जणांना ती दिसत नव्हती. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी फीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला पुढे आणलं आणि व्यवसायांची पानं आणखी मागे ढकलली गेली. व्हाइन या छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवर तर लाखो फॉलोअर्स जमवलेली माणसं होती. ऑक्टोबर 2016 मध्ये बंद करण्याची घोषणा झाली, जानेवारी 2017 मध्ये अ‍ॅपच गेलं. ज्यांनी आपला प्रेक्षक आधीच यूट्यूबवर किंवा आणखी कुठे वळवला होता, ते तरले.

त्यामुळे चाललेल्या प्रत्येक व्हिडिओखाली स्वतःच्या वेबसाइटचा दुवा द्या, आणि तिथे आलेल्या माणसाला विचारून, त्याच्या संमतीने, ईमेल किंवा फोन नंबर घ्या. यादी दोनशे नावांची असली तरी चालेल. त्या दोनशे जणांना नवा माल आल्याचं कळवायला कोणत्याही अल्गोरिदमची परवानगी लागत नाही.