दोन किलो साखर

भिगवणला रोहित पक्षी उतरले की माझ्या अंगात येतं. गेल्या वर्षी ५५-२५० एमएमच्या लेन्सने (आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो) काढलेले फोटो मावशीला दाखवले. तिने चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "कमळं छान आलीत रे, कुठलं तळं?" त्याच रात्री ठरवलं, मोठी लेन्स घ्यायची.

घ्यायची म्हणजे आधी तुलना आली. मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि चार महिने मुलगी बघावी तशा लेन्स बघितल्या. कॅननची १००-४०० देखणी, पण किंमत ऐकून बायकोने नुसतं आमच्या गळक्या फ्रिजकडे पाहिलं. निकॉनची २००-५०० अगदी पाचशेलाही एफ ५.६ देते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), पण माझा कॅमेरा कॅननचा. पत्रिका जुळते, गोत्र आडवं येतं. उरल्या सिग्माच्या दोन बहिणी, दोघीही १५०-६००. थोरली 'स्पोर्ट', २,८६० ग्रॅम. धाकटी 'कंटेम्पररी', १,९३० ग्रॅम.

वजन आकड्यात कळत नाही. म्हणून दोन किलो साखरेची पिशवी डोळ्याला लावून गॅलरीत उभा राहिलो आणि गुलमोहरावरच्या कावळ्यावर नेम धरला. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला डावं कोपर बरगडीत रुतलं. तिसऱ्याला पिशवी थरथरू लागली आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी हाक मारली, "अहो, दृष्ट काढताय का कुणाची?"

थोरली बाद.

धाकटीचेही नखरे होतेच. माझ्या कॅमेऱ्याच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर तिचे ६०० एमएम ९६० सारखे वागतात. फोटो हलू नये तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचं हवं. त्यात सहाशेला एफ ६.३, म्हणजे उजेड आणखी कमी. उजाडताना आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) चढवावा, तर रोहितावर रवा पेरल्यासारखे दाणे. तरी म्हटलं, आधी भाड्याने आणून बघू.

कुंभारगावातून पहाटे नावेत बसलो. उजनीच्या पाण्यावर धुकं, लांबवर गुलाबी रेघ. मी लेन्स उचलली, तेवढ्यात एक कुरव येऊन नावेच्या टोकावर बसला. हातभर अंतरावर! डोळ्याची कडासुद्धा दिसत होती. मी बटण दाबलं. फोकस पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. पक्षी म्हणजे नुसता पांढरा ढग.

मग आठवलं. या लेन्सला किमान २.८ मीटर अंतर लागतं. तक्त्यातला तो रकाना मीच उडवला होता; म्हटलं, पक्षी इतका जवळ येतोय कशाला!

कुरव शांतपणे पंख साफ करत होता. मी इंच इंच मागे सरकू लागलो. नाव कलली.

"दादा," नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "फोटो काढायचाय का पोहायचंय, येकदा ठरवा."