‘फायदा ज्याचा, खर्च त्याचा’ हा हिशेब कुठे चुकतो

‘फायदा ज्याचा, खर्च त्याचा. वस्तू उपयोगी असेल तर लोक स्वतः घेतील, इतरांचाही फायदा होत असेल तर आपसात ठरवतील. मोफत लस असो की इलेक्ट्रिक गाडीवरची सूट, बाह्य लाभ, म्हणजे एकाने घेतलेल्या वस्तूचा इतरांना होणारा फायदा, हे उधळपट्टीचं निमित्त आहे.’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. मला तो पटत नाही.

‘उपयोगी असेल तर घेतील.’ घेतात, पण स्वतःच्या फायद्यापुरतं. गोवराचा रुग्ण खोलीतून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत 2 तासांपर्यंत राहू शकतो. तेवढ्यात तिथे 7 महिन्यांचं बाळ येतं. अनेक देशांत गोवराची पहिली लस 9 महिन्यांनंतर मिळते, त्यामुळे या बाळाची सगळी भिस्त इतरांनी घेतलेल्या लशीवर. साथ रोखायला सुमारे 95 टक्के लोकांचं लसीकरण लागतं. लस घेताना अनोळखी बाळाचा विचार कोण करतो? आणि न करणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा?

किंमत लावली की काय होतं, तेही पाहू. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातल्या शाळांत जंतनाशक औषधाचा अभ्यास केला. एका मुलाने औषध घेतलं की आसपासच्या मुलांनाही जंतांची लागण कमी होते. औषध मोफत होतं तिथे सुमारे 75 टक्के मुलांनी घेतलं. थोडंसं शुल्क लावलं तिथे 20 टक्क्यांहूनही कमी.

‘आपसात ठरवतील’ यात तथ्य आहे. फळबागांना मधमाश्यांचा फुकट लाभ होतो, हे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांचं 1952 मधलं बाह्य लाभाचं गाजलेलं उदाहरण. पण 1973 मध्ये अर्थतज्ज्ञ स्टीव्हन चुंग यांनी दाखवलं की अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बागायतदार आणि मधपाळ रीतसर करार करतच होते. तिथे अनुदान कशाला? मात्र ते एकमेकांना ओळखत होते. त्या बाळाच्या आईने करार करायचा तरी कुणाशी?

राहिली उधळपट्टी. ती होते, नाकारत नाही. जो इलेक्ट्रिक गाडी घेणारच होता, त्याला दिलेली सूट म्हणजे निव्वळ बक्षीस, कारण तिने हवेत काहीच फरक पडला नाही. सवलतीमुळेच पेट्रोलची गाडी सोडून इलेक्ट्रिक घेणारे किती, हे मोजून सूट ठरवा, कमी करा, नसेल परवडत तर बंद करा. पण त्या हिशेबात मोफत लस ओढू नका. तिथे शुल्क लावलं की आधी गळतात ते गरीब, आणि आजार त्यांच्यापाशी थांबत नाही.