आमच्या तासाला भाव काय?

धुळ्याच्या बसस्टँडवर चाळीसगावच्या गाडीची वाट बघत बसलोय. आठची गाडी, आता पावणेनऊ झाले. सोबत वडील, त्यांची फाइल, एक्स-रेचं मोठं पाकीट आणि डब्यात कळण्याची भाकरी. मुंबईला डॉक्टरांनी उद्या सकाळी नऊला बोलावलंय. धुळ्याहून सकाळची रेल्वे आहे, नाही असं नाही. पण ती मुंबईला टेकेपर्यंत ओपीडीची खिडकी बंद झालेली असते. म्हणून आज रात्रीच चाळीसगाव गाठायचं, प्लॅटफॉर्मवर चादर टाकायची आणि वेटिंगचं तिकीट हातात धरून रात्रीच्या गाडीत घुसायचं.

आणि नेमकं अशा वेळी शेजारच्या पोराने मोबाइल पुढे केला. काका, बुलेट ट्रेनचा नकाशा बघा. मुंबई, नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना, वर्धा, नागपूर. साधारण 740 किलोमीटर. खानदेश? तो वर कोपऱ्यात, जिथे नकाशात चिन्हांची सूची छापतात तिथे.

आप्पांनी चष्मा सरकवून बघितलं. "आपला धुयाले कव्हय येई रे ती?"

येत नाही आप्पा ती. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा झाला, तोही आला नाही. ही गाडी त्याच्याच कडेकडेने जायची म्हणतात, कारण जागा आधीच सरकारच्या हातात आली आहे. म्हणजे एकदा वगळलं की पुढच्या वेळी वगळायला कारणही आयतंच तयार.

आता कोणीतरी शहाणा समजावणार, की बुलेटला वळण चालत नाही. माहीत आहे हो. वेग दुप्पट झाला की वळणाची त्रिज्या चौपट लागते. ताशी 320 ने पळायचं तर सहा-सात किलोमीटर त्रिज्येचं वळण पाहिजे, म्हणून ती गावोगाव डोकावत फिरू शकत नाही. थांबा वाढवला की ब्रेक लावण्यात, थांबण्यात आणि पुन्हा वेग धरण्यात पाचेक मिनिटं जातात, तेही मान्य. मुंबई-अहमदाबादला 508 किलोमीटरमध्ये 12 स्टेशनं आहेत, त्यावरच किती रडारड! आणि खरं सांगायचं तर मी घरी पट्टी ठेवून पाहिलंय. मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती जालना आणि भोकरदनच्या मधून जाते. भुसावळमार्गे 837 किलोमीटर पडतात, जवळपास शंभराचा फेरा. तिथे माझं तोंड बंद.

पण मग तीच पट्टी उचलून सुरतेवर ठेवा ना! सुरत आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. रेघ ओढली की नवापूर, अमळनेर, जळगाव, भुसावळ सगळे तिच्या हाताच्या अंतरावर येतात. नवापूरचा डोंगर उतरला की तापीचं खोरं, ताटासारखं सपाट. सुरतेला बुलेटचं स्टेशन उभं राहतंय, नागपूर यादीत आहेच. दोन टोकं तयार, मधली जमीन सपाट, आणि माणसं? सुरतेच्या उधना, लिंबायत भागात जाऊन बघा, गल्लीच्या गल्ली आमची अहिराणी बोलते. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्नसराईत आताच्या सुरत-भुसावळ लायनीवरच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. बाया संडासाच्या दाराशी लेकरू मांडीवर घेऊन नंदुरबारपर्यंत येतात. हे प्रवासी नाहीत तर काय आहेत?

नाहीत. हिशेबात नाहीत. खरी मेख तिथे आहे आणि माझा संताप तिथेच आहे. मार्ग ठरवताना नुसती डोकी मोजत नाहीत, वाचलेल्या वेळेला पैशात भाव लावतात. ज्याची कमाई जास्त, त्याचा तास महाग. विमानाने जाणारा, एसी गाडीने टोल भरून जाणारा, त्याला विचारतात की दोन तास वाचले तर किती मोजाल? तो भरघोस आकडा सांगतो आणि रेघ त्याच्याकडे झुकते. सुरतेत यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा पोरगा काय आकडा सांगणार? त्याचे सहा तास वाचले काय आणि गेले काय, कागदावर किंमत चणे-फुटाण्याची. जो सर्वात जास्त वेळ रस्त्यात घालवतो, त्याचाच वेळ सर्वात स्वस्त! कापसाचा भाव पाडतात ते कमी होतं म्हणून आता तासाचाही पाडला.

बरं, इंग्रज काही आपले मामा नव्हते, पण 1860 च्या दशकात रूळ टाकताना ते चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळवरूनच गेले. कापूस पाहिजे होता त्यांना. धुळं तेव्हाही बाजूला राहिलं, आणि 1900 मध्ये चाळीसगावहून 56 किलोमीटरचं शेपूट जोडून दिलं. त्या शेपटाला लटकून आम्ही अजून बसलोय. धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर लायनीला 2024 च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, 18,036 कोटी. ती मागणी ऐकत माझी दाढी पांढरी झाली. आणि ती काही बुलेट नाही, साधी रेल्वे आहे. साधी.

तिकडे फ्रान्समध्ये पॅरिस-लिल लाइन 1993 मध्ये झाली, तेव्हा आमियां नावाच्या शहराने आमच्याकडून न्या म्हणून पुष्कळ आरडाओरडा केला. लाइन गेली बाजूने. समजूत म्हणून शेतात एक स्टेशन बांधून दिलं, लोक त्याला बिटाचं स्टेशन म्हणून हसतात. अरे, आम्हाला द्या तसलं! केळीत द्या, कापसात द्या. हसू देत लोकांना, आम्ही डबा घेऊन चढू तरी.

पोरगा म्हणतो, नाशिकला जाऊन बसायचं ना काका. नाशिकला गेलो की मुंबईचा अर्धा रस्ता संपलाच की रे बाबा, मग बुलेटमध्ये बसून हवा खायची का? नाहीतर संभाजीनगर. म्हणजे कन्नडचा घाट. तिथे एक ट्रक आडवा झाला की माणूस बुलेटला नाही, थेट दुसऱ्या दिवसाला पोचतो.

सव्वानऊ. आप्पांना डुलकी लागली होती, एवढ्यात दचकून उठले आणि पिशवी घेऊन निघालेसुद्धा. लाल गाडी वळली, पाटी नीट दिसेना.

बसा आप्पा. दोंडाईचाची आहे.