गिटहबमुळे सोर्सफोर्ज संपलं हे अर्धंच खरं

'गिटहब आलं आणि सोर्सफोर्ज संपलं' हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. (सोर्सफोर्ज म्हणजे प्रोग्रामरांनी आपली मोफत सॉफ्टवेअरं लोकांसाठी ठेवायची साइट, गिटहब ही तिची नंतरची स्पर्धक.) २००५-०६ ला आम्ही लातूरला शिकायला होतो. गंजगोलाईजवळच्या कॅफेत तासाचे पैसे मोजून सेव्हन-झिप (फाइली दाबून लहान करणारं), ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड-एडिट करणारं) अशी सॉफ्टवेअरं पेन ड्राइव्हवर उतरवायचो, मग तो पेन ड्राइव्ह अख्ख्या होस्टेलभर फिरायचा. (मध्येच लाइट गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून!) हे सगळं यायचं सोर्सफोर्जवरूनच. १९९९ पासून अशा सॉफ्टवेअरांना फुकट जागा देणारं तेवढं मोठं दुसरं ठिकाणच नव्हतं.

२००८ ला गिटहब आलं, गिटमुळे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, त्यावरच गिटहब चालतं) काम सोपं झालं, मान्य. पण खरा घात सोर्सफोर्जच्याच २०१३ च्या डेव्हशेअर योजनेनं केला. इन्स्टॉलरसोबत नको ती सॉफ्टवेअरं गळ्यात मारायची, पैसा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसोबत वाटून घ्यायचा. गिम्प या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरवाले त्याच वर्षी तिथून उठले. तर २०१५ ला सोर्सफोर्जनं त्यांचंच पान ताब्यात घेऊन वर जाहिरातीवाला इन्स्टॉलर चढवला! म्हणजे भाडेकरू गेला तरी त्याच्या नावाची पाटी लावून दुकान चालूच. २०१६ ला नव्या मालकानं तो प्रकार बंद केला, पण तोवर लोक पांगले होते.

साइट अजून चालू आहे बरं का. सेव्हन-झिप आजही तिथं सापडतं.