पित्ताची गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवरून सगळ्यात जास्त काय जात असेल तर पित्ताच्या गोळ्या. चिठ्ठी बहुतेकांकडे नसते, असली तर दोन वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, त्यावरून रोज एखादा वाद होतोच. होऊ दे. वाद चालू असतानाच मी एक प्रश्न विचारून घेते: काका, घास अडकतो का?

"भाकरी अडकते, भात जातो." हे उत्तर ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आधी भाकरी अडकते, मग ती दुधात कुस्करून खाल्ली जाते, मग भातही पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो. घरच्यांना वाटतं वय झालं, दात गेले. अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ वाढत असेल तर नेमकं असंच होतं. घट्ट अन्न आधी अडतं, पातळ नंतर. तंबाखू, मिश्री, दारू यांची वर्षानुवर्षांची सवय असेल तर आणखीच सावध व्हायला हवं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. "त्या कॅन्सरला काही उपाय नसतो, उगाच कशाला खोदून बघायचं" हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं, आणि ते आता खरं राहिलेलं नाही.

अन्ननलिकेचंच घ्या. नेदरलँड्समधल्या अभ्यासात ऑपरेशनच्या आधी पाच आठवडे रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला हलकी किमो दिली. २०१२ साली निकाल आले. नुसत्या ऑपरेशनने निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत जगत होते, या पद्धतीने तो आकडा ४९ महिन्यांवर गेला. आपल्याकडे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा जो प्रकार जास्त दिसतो, त्यात तर फायदा आणखी मोठा होता. जठराच्या कॅन्सरमध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी चार औषधांची 'फ्लॉट' नावाची किमो ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दिली. २०१९ मध्ये निकाल छापून आले, तेव्हा निम्मे रुग्ण जगण्याचा जुन्या किमोतला ३५ महिन्यांचा आकडा ५० वर पोचला होता. २०२५ मध्ये याच फ्लॉटला ड्युरव्हॅलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या, औषधाची जोड दिली. दोन वर्षांनंतर आजार न उलटलेले, न बळावलेले रुग्ण सुमारे ५८ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले.

मात्र हे सगळे आकडे ऑपरेशन होऊ शकेल अशा टप्प्यावर पोचलेल्या रुग्णांचे आहेत. आजार लिव्हरपर्यंत गेल्यावर हा हिशोब लागू होत नाही. उलट गाठ आतल्या अस्तरापुरतीच असेल तर पोट उघडावंही लागत नाही. तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीतूनच (एन्डोस्कोपी) तेवढा भाग सोलून काढतात. जपानी डॉक्टरांनी हे तंत्र घडवलं आणि आता ते भारतातही होतं. दक्षिण कोरियात चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून मिळते, म्हणून तिथे इतके रुग्ण लवकर सापडतात.

पित्ताच्या गोळीचा धोका इथे आहे. गोळी वाईट नाही, अल्सरवर तिने लाखो लोक बरे केलेत. पण ती कॅन्सरच्या जखमेवरही काही दिवस खपली धरवते. जळजळ थांबते, माणूस निर्धास्त होतो, आणि आत काम चालूच राहतं.

एच. पायलोरी या जंतूबद्दलही सांगायलाच हवं. अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो असं डॉक्टरही मानत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा हा जंतू दाखवून दिला. कुणी ऐकेना म्हणून १९८४ साली मार्शल यांनी जंतू वाढवलेलं द्रावण स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जठराच्या कॅन्सरचं मोठं कारण हाच जंतू आहे. कोरियात ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला होता अशा लोकांना जंतूचं औषध दिलं, तर कॅन्सरचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. २०२० चा हा अभ्यास आहे. तेव्हा घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि या जंतूची तपासणी करून घ्या. जंतूसाठीच्या श्वासाच्या तपासणीआधी पित्ताची गोळी साधारण दोन आठवडे बंद लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' येऊ शकतो. आणि जंतूच्या औषधाचा कोर्स चौदा दिवसांचा दिला असेल तर चौदाही दिवस घ्या. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या परत करायला येऊ नका, मी घेणार नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. इम्युनोथेरपीचा खर्च लाखांत जातो. २०२४ च्या अर्थसंकल्पात ड्युरव्हॅलुमॅबवरचं सीमाशुल्क माफ झालं, तरी सामान्य घराला ते झेपत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्याच दुसऱ्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस वापरला, म्हणजे नेहमीच्या डोसचा दहावा हिस्साही नाही. तरी वर्षभर जगणारे रुग्ण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आपल्या खिशाला परवडेल असं संशोधन आपल्यालाच करावं लागणार, आणि सरकारने पैसा लावावा तर अशा कामावर, असं माझं ठाम मत आहे. दुसरी मागणी साधी आहे: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दुर्बीण आणि ती चालवणारा माणूस.

दुर्बिणीला घाबरू नका. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, पाच-दहा मिनिटांत होतं. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, ते डॉक्टरांना सांगा), सारखी उलटी, कारण न सापडणारं कमी रक्त, यातलं काहीही असेल तर गोळीचं पाकीट बदलत बसू नका.

तुमच्या तालुक्यात दुर्बिणीची तपासणी कुठे होते, सरकारी की खासगी, कोणत्या वारी, किती पैसे पडतात, हे कमेंटमध्ये लिहा. यादी करून दुकानात काउंटरच्या काचेवर लावणार आहे.