आधी पेट्रोल हाच कचरा होता

"गाड्या विजेवर गेल्या की रिफायनऱ्यांना टाळं लागणार" असं हल्ली प्रत्येक चर्चेत कुणीतरी ठोकून देतंच. मला ते पटत नाही. "काऽऽही फरक पडणार नाही" म्हणणारेही पटत नाहीत. दोघांनाही रिफायनरी म्हणजे पिठाची गिरणी वाटते, हवं तेवढं दळून घ्यायचं आणि नको ते डब्यातच ठेवायचं.

तसं होत नाही. कच्चं तेल भट्टीत साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून उंच कॉलममध्ये सोडतात. वाफा वर चढता चढता थंड होतात आणि ज्याच्या त्याच्या उंचीवरच्या ट्रेवर उतरतात. शेंड्याला गॅस आणि नॅफ्था (ज्यापासून पेट्रोल बनतं ते हलकं तेल), मग रॉकेल, मग डिझेल, बुडाला काळा चिकट माल. आणखी तापवलं तर तेल करपायला लागतं, म्हणून बुडाचा माल दुसऱ्या कॉलममध्ये कमी दाबाखाली उकळतात. तुम्हाला फक्त डिझेल हवंय? बाकीची भावंडं सोबत येणारच.

१८५९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, तेव्हा लोकांना हवं होतं दिव्यासाठीचं रॉकेल. पेट्रोल दिव्यात घातलं तर भडका. त्यामुळे बरंचसं नदीनाल्यांत सोडून दिलं जायचं. (होय, तेच पेट्रोल, ज्याच्या दरावरून आज भांडणं होतात.) पुढे मोटारी आल्या आणि पारडं फिरलं. आता पेट्रोल पुरेना आणि जड तेल पडून राहू लागलं. १९१३ मध्ये इंडियानातल्या व्हायटिंग इथे विल्यम बर्टनच्या पद्धतीने जड तेल दाबाखाली तापवून त्याचे मोठे रेणू फोडायला सुरुवात झाली. हेच क्रॅकिंग. १९३७ मध्ये यूजीन हूद्रीने त्यात उत्प्रेरक, म्हणजे क्रिया घडवून आणणारा पदार्थ, आणला.

माझं खरं प्रेम मात्र १९४२ मध्ये अमेरिकेतच बॅटन रूजला सुरू झालेल्या फ्लुइड क्रॅकर या यंत्रावर आहे. उत्प्रेरकाची बारीक पूड, पिठासारखी, पण वाफेच्या जोरावर पाण्यासारखी वाहते! दोनतीन सेकंदांत तेल फुटतं आणि पुडीवर कोळशाचा थर बसतो. मग ती पूड शेजारच्या भांड्यात जाते, तिथे हवेने तो थर जळतो आणि त्याच उष्णतेवर पुढचं तेल फुटतं. आपलीच घाण जाळून स्वतःला चालू ठेवणारं यंत्र. फुटलेले रेणू जास्त जागा घेतात, त्यामुळे ४२ गॅलनच्या एका पिंपातून सुमारे ४५ गॅलन माल निघतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हिशेबातली चूकच वाटली होती.

आता पेट्रोल उद्या पुन्हा नकोसं झालं तर? नॅफ्था प्लास्टिकच्या कारखान्यांकडे वळवता येतो. विमानांना इंधन लागेल, रस्त्यांना डांबर लागेल, म्हणून कच्चं तेल उकळत राहील. अडचण येणार आहे ती नेमकी त्या क्रॅकरची, कारण त्याचा सगळा हिशेब पेट्रोलच्या खपावर बसवलेला असतो. त्याला दुसऱ्या मालाकडे वळवायचं तर नवी युनिट्स, मोठं शटडाऊन आणि प्रचंड पैसा लागतो. बर्टनच्या वेळी निदान गिऱ्हाईक आधी दारात उभं होतं, मग यंत्र आलं. या वेळी यंत्र उभंच आहे आणि गिऱ्हाईक निघायच्या तयारीत आहे.